छतातलं कमळ

केबिन रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानांत पोस्टर कलरच्या बाटल्या काउंटरवर पुढे आल्या आणि ड्रॉइंग बोर्ड बाहेर दोरीला टांगले गेले, की समजायचं, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा आल्या. गणपती गेलेले असतात, नवरात्र यायचं असतं, पाऊस जातो म्हणतो आणि जात नाही. दुपारी उकाड्याने जीव नकोसा होतो आणि संध्याकाळी मुलं काखेत बोर्ड मारून क्लासला निघतात. काल ऑफिसातून येताना अशाच एका मुलीचा बोर्ड माझ्या दंडाला लागला. ‘सॉरी आंटी’ म्हणून ती पुढे गेली. एरवी कुणी आंटी म्हटलं की माझं डोकं फिरतं, काल फिरलं नाही. तिच्या बोर्डाला चिमट्यांनी लावलेल्या कागदावर मधोमध कमळ होतं आणि भोवती वेल. पानं अजून रंगवायची राहिली होती.

आमच्या घरात हा मोसम चार वर्षांपूर्वी आला, तो मुक्कामालाच आला. माझी मुलगी सई तेव्हा नववीत होती आणि इंटरमिजिएटला बसली होती. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसे. पाण्याचे मग, ब्रश पुसायची फडकी, रंग कालवायच्या वाट्या, त्यातल्या दोन माझ्या चटणीच्या, आणि सगळ्यावर ओल्या पोस्टर कलरचा तो जरासा आंबूस वास. अजूनही कुठे तो वास आला, की मला आधी सई आठवत नाही. आधी आप्पा आठवतात.

आप्पा म्हणजे माझे सासरे. हाटकेशच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर साचे केले. मीरा रोड-भाईंदरला इमारती भराभर उठत होत्या तो काळ. राहायला येणाऱ्या माणसाला नळाला पाणी कधी येणार हे ठाऊक नसायचं, पण लॉबीच्या छताला प्लॅस्टरचं कमळ हवंच असायचं. खांबांच्या माथ्यावर ग्रीक पानं, भिंतीच्या वरच्या कडेने वेल, आणि मधोमध पंख्याच्या हुकाभोवती आठ नाहीतर सोळा पाकळ्यांचं कमळ. आधी शाडूत फूल घडवायचं, त्यावरून साचा घ्यायचा, मग साच्याच्या पोटात बारीक कोरणी घालून शिरा आणि कडा साफ करायच्या. साच्यात सगळं उलटं असतं. जी पाकळी छतावर वर उठणार, ती साच्यात खड्डा असते. त्या खड्ड्यांत आप्पांची चाळीस वर्षं गेली. पुढे प्लॅस्टर आणि काथ्या भरून कमळं काढायची माणसं वेगळी, आणि ती नेऊन छताला लावणारी आणखी वेगळी. आप्पांनी कोरलेलं कारखान्यातच राहायचं. लोक बघायचे ते त्याचं निघालेलं रूप, तेही बघितलं तर.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला नक्षी म्हणजे नुसती नक्षी वाटायची. बघायला शिकवलं ते आप्पांनी. ते आणि सासूबाई तेव्हा जवळच वेगळ्या खोलीत राहायचे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जैन मंदिर आहे, सगळं पांढऱ्या संगमरवराचं. भाजी आणायला गेलो की आप्पा मला तिथे थांबवायचे आणि दाराच्या चौकटीवरची वेल दाखवायचे. एका कळीतून निघते, प्रत्येक वळणावर एक पान सोडते, दुसऱ्या वळणावर तेच पान कूस बदलतं. ‘कोपऱ्यात बघ,’ असं ते म्हणायचे. वेलीची वळणं मोजून आखली तरी कोपऱ्यावर माप जुळत नाही. अर्धं पान उरतं, नाहीतर अर्धं कमी पडतं. मग कारागीर तिथे एक भरगच्च फूल ठेवून मोकळा होतो. हे कळल्यापासून साडीच्या काठापासून लग्नपत्रिकेपर्यंत मी आधी कोपऱ्यातलं फूल बघते आणि मनात म्हणते, बाई गं, इथे तुझं माप चुकलंय. परवा सईने कॉम्प्युटरवर एक वेल काढली. ती आता कला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. आप्पांनी चष्मा वर करून विचारलं, कोपऱ्यात काय करतेस? ती म्हणाली, आजोबा, कोपरा आपोआप जुळतो. आप्पांना ते फारसं आवडलं नाही. मग फूल कुठे ठेवायचं, असं ते दिवसभर कुणाकुणाला विचारत होते.

सईच्या परीक्षेच्या त्या मोसमात एका रविवारी सई, आप्पा आणि मी उत्तनला गेलो होतो. आमच्याकडे वर्षानुवर्षं मासळी घेऊन येणारी मर्सीमावशी तिथली. सईला नक्षी काढायची आहे हे ऐकून ती म्हणाली, आमच्या चर्चची वेदी बघा. वेदी लाकडाची होती, सोनेरी मुलामा दिलेली, द्राक्षाच्या वेलीने वरपासून खालपर्यंत वेढलेली. आप्पा हात मागे बांधून इतका वेळ उभे होते, की मावशीला वाटलं प्रार्थना करतायत. प्रत्यक्षात ते पानं मोजत होते. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाले, एक पान दुसऱ्यासारखं नाही, साचा वापरलेलाच नाही. स्वतःच्या धंद्याविरुद्धची ही गोष्ट सांगताना त्यांना केवढा आनंद झाला होता. वाटेवर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते, उन्हात तो वास सईला सोसवेना, आणि ती ओढणी नाकाला लावून पुढे पळाली.

परतताना खाडीच्या कडेला आप्पा एकदम थांबले. चिखलात गुडघ्याएवढी झुडपं होती. पानं चकचकीत, कडांना काटे, जांभळट निळी फुलं. आप्पा कष्टाने खाली बसले आणि एका पानाच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. म्हणाले, हे तर माझं पान.

‘मारांडी हाय ती,’ मर्सीमावशी म्हणाली. ‘काटं टोचतील, आप्पा. तिचा काय उपेग न्हाय.’

खांबांच्या माथ्यावर ते जे ग्रीक पान करत, ते त्यांनी एका जुन्या इंग्रजी पुस्तकाच्या फाटक्या पानावरून उचललं होतं. ते साहेबाच्या देशातलं पान, आपण नुसती नक्कल करणार, असं त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. सईने मोबाइलवर शोधून सांगितलं की ते पान आणि ही मारांडी एकाच कुळातली. आप्पा परतीच्या बसमध्ये हसत होते. एक डहाळी त्यांनी रुमालात गुंडाळून आणली आणि स्टीलच्या पेल्यात पाणी घालून ठेवली. ती सुकून काळी पडली तरी फेकायची नाही अशी ताकीद होती.

आता सांगायचं ते सांगते. सासूबाई गेल्यावर आप्पा आपली खोली बंद करून आमच्याकडे राहायला आले, त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. एक पिशवी कपड्यांची, एक पेटी कोरण्यांची. दोन्ही त्यांनी येतानाच दिवाणाखाली सरकवली. दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचे. पंखा लावायचा तर विचारायचे. भाजी कुठली करू म्हटलं की ‘चालेल’, चहा घेता का म्हटलं की ‘चालेल’. त्या ‘चालेल’चा मला मनस्वी राग यायचा. स्वतःच्या मुलाच्या घरात माणसाने किती पाहुण्यासारखं राहावं? नवरा म्हणायचा, होईल सवय. सवय झाली ती आम्हाला, त्यांच्या तसं राहण्याची.

सईची परीक्षा आली आणि आप्पा बदलले. तिला एलिमेंटरीला सी मिळाली होती. पुढे कलेकडे जायचं तर इंटरमिजिएटला बरी श्रेणी हवी, असं क्लासच्या सरांनी बजावलं होतं, आणि संकल्पचित्राच्या पेपरची तिला धडकी भरली होती. तिने विषय निवडला छतातलं कमळ, भोवती पानांची वेल, एकाच तपकिरी रंगाच्या गडद-फिक्या छटांत, दगडात कोरल्यासारखं. ही कल्पना कुणाची ते सांगायला नको. लिफ्टचा आवाज झाला की आप्पा ‘सई, आलीस का?’ म्हणून हाक मारायचे. एके दिवशी त्यांनी माझ्याकडे दुसरा चहा मागितला. आपण होऊन. मला इतका आनंद झाला की चटणीच्या वाट्यांवर मी पाणी सोडलं.

आमचा हॉल कसा, तर भिंतीला लागून दिवाण, त्यापुढे घडीचं टेबल, टेबलाच्या पलीकडे आप्पांची खुर्ची आणि त्यांच्या पाठीशी दार. सई दिवाणावर, आप्पा समोर. हातात कोरणी घेऊन, कागदाला न टेकवता, ते दाखवत जायचे. इथे उजेड. इथे सावली. हे आणखी गडद कर. सई रंग लावायची. ‘बघ आता, कशी उठली पाकळी,’ ते म्हणायचे. सई मान तिरकी करून बघायची, ‘हो?’ म्हणायची आणि पुढची पाकळी घ्यायची. तिचा आजोबांवर पूर्ण विश्वास होता. मी स्वयंपाकघरातून ऐकत असे आणि उगाच फोडणी लांबवत असे.

परीक्षेला वीसेक दिवस राहिले असताना सरांनी मला बोलावून घेतलं. सर सज्जन माणूस. सईचा कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, ‘ताई, पोरीचा हात छान आहे. पण उठाव नाही. पानं सगळी आत गेलीत. हे कमळ वाटत नाही, खड्डा वाटतोय.’ खरंच तसं दिसत होतं. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. घरी कोण शिकवतं, त्यांनी विचारलं. मी आप्पांचं काम सांगितलं तशी त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. जन्मभर साच्याच्या आत बघितलंय त्यांनी, डोळा उलटा झाला असणार, असं ते म्हणाले. त्यात कुठलाही कुत्सितपणा नव्हता. मलाही ते लगेच पटलं. पटकन पटणाऱ्या गोष्टींबद्दल मी आता जरा सावध असते, तेव्हा नव्हते.

दोन दिवस मी शब्द जुळवत होते. शेवटी चहा देताना म्हटलं, आप्पा, परीक्षा जवळ आलीये, आता सरांच्याच पद्धतीने होऊ दे, दोन्हीकडचं ऐकून तिचा गोंधळ होतोय. सर काय म्हणाले ते त्यांनी विचारून विचारून काढून घेतलं. डोळा उलटा झाल्याचं मी सांगायला नको होतं, पण सांगून बसले. आप्पा म्हणाले, ‘बरोबर आहे त्यांचं. चालेल.’ कोरणी फडक्यात गुंडाळून त्यांनी पेटीत ठेवली आणि पेटी दिवाणाखाली सरकवली. सई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. पण क्लासला रोज जात राहिली, कारण तिलाही भीती वाटत होती. हॉल आवरला गेला. वाट्या घासून मांडणीत परत आल्या. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

नंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी भाजी घेऊन येत होते, तर आप्पा आमच्या इमारतीच्या लॉबीत मान वर करून उभे. तिथलं कमळ त्यांच्याच साच्यातलं. वॉचमन शेजारी येऊन तोही वर बघायला लागला. ‘क्या हुआ अंकल, लीकेज है क्या? सेक्रेटरी को बोलूँ?’ आमच्या भाईंदरला छताकडे माणूस दुसऱ्या कशासाठी बघतच नाही. मला हसू आलं. आप्पा हसले नाहीत. मला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, ‘वृंदा, खरं सांग. ही पाकळी तुला वर आलेली दिसते, की आत गेलेली?’

मी म्हटलं, वर आलेली, आप्पा. चांगली बोटभर वर आलेली.

‘मलाही तशीच दिसते,’ ते म्हणाले. ‘पण आता माझ्या दिसण्याचं काय सांगावं.’

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. चाळीस वर्षं लोकांच्या डोक्यावर काय टांगून ठेवलं कुणास ठाऊक, असं ते पुटपुटले, माझ्याशी नव्हे, लिफ्टच्या दाराशी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नातीला शिकवणं थांबवलं असं मी समजत होते. मी त्यांचा डोळाच काढून घेतला होता. आणि तो परत कसा द्यायचा हे मला कळत नव्हतं, कारण सर चुकलेत असं काही मला दिसत नव्हतं. कागदावर खड्डाच होता. त्या रात्री मला आप्पांच्या ‘चालेल’चा राग आला नाही. भीती वाटली.

परीक्षा आठवड्यावर आली होती. शनिवार होता. सई क्लासला गेली होती, आप्पा आतल्या खोलीत पडले होते. मी मेथीची जुडी घेऊन निवडायला बसायचं म्हणून हॉलमध्ये आले, तर दिवाणावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग. म्हणून मी आप्पांच्या खुर्चीत बसले. टेबलावर सईने तो जुना कागद काढून ठेवला होता. मेथीची पानं खुडता खुडता माझी नजर त्यावर गेली आणि मला वाटलं, हिने हे पुन्हा नव्याने केलं की काय. कमळ कागदातून वर आलं होतं. पाकळ्या उचललेल्या, पानांच्या शिरा ताठ, वेल काठावरून चढत गेलेली. मी हात लावून बघितलं. कागद सपाट होता. कडेला सरांची लाल पेन्सिलीतली खूण होती, म्हणजे कागद तोच.

मी उठले, दिवाणाच्या बाजूला गेले. खड्डा. परत खुर्चीत येऊन बसले. कमळ. हातात मेथी घेऊन मी त्या टेबलाभोवती तीन फेऱ्या मारल्या. मग कागदच फिरवला आणि डोक्यात उजेड पडला. उजेड वरून येतो असंच आपला डोळा धरून चालतो. आप्पांनी सांगितलेला उजेड वरूनच येत होता, सावल्या बरोबर जागी होत्या, पण त्यांच्या बाजूने. सईच्या बाजूने तोच उजेड पायाकडून येत होता, आणि म्हणून सगळं आत जात होतं. चित्र घराचं किंवा झाडाचं असतं, तर उलटं आहे हे दोघांच्याही लगेच ध्यानात आलं असतं. छतातल्या कमळाला डोकं नसतं, पाय नसतात. लॉबीत कुणीही कुठूनही उभं राहावं, ते सरळच. आप्पांना जन्मात कधी फुलाची बाजू विचारावी लागली नव्हती.

मी आप्पांना हाक मारली. ते आले, पण कागद बघताच म्हणाले, राहू दे गं आता ते. मी त्यांना जवळजवळ ओढत खुर्चीत बसवलं आणि विचारलं, कसं दिसतं?

‘वर आलेलं. मला तसंच दिसणार.’

मलाही तसंच दिसतं, मी म्हटलं, आता इकडे या. दिवाणावरचे कपडे मी दोन्ही हातांनी उचलून आत नेऊन टाकले. आप्पा टेबलाला वळसा घालून आले आणि दिवाणाच्या अगदी कडेला टेकले. एका बोटाने त्यांनी कागद हळूहळू फिरवायला घेतला. कमळ वर आलं, आडवं होताना काही क्षण नुसतेच रंगाचे डाग राहिले, पुन्हा बुडालं. त्यांनी पूर्ण फेरा केला, मग आणखी एक. चष्मा काढला, पुसला, लावला.

‘सर बरोबर होते,’ ते म्हणाले.

‘तुम्हीही बरोबर होता, आप्पा.’

त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी सहज विचारलं, दोष द्यायचा म्हणून नाही, की इतके दिवस शिकवलंत, एकदाही या बाजूला येऊन कसं नाही बघितलं?

‘ती सईची जागा ना,’ आप्पा म्हणाले.

एवढंच. दीड वर्षात ते त्या दिवाणावर कधी बसलेच नव्हते. ते मला दिसलं नव्हतं, आणि मी त्यांच्या डोळ्याबद्दल बोलून आले होते. मला रडू आलं. खाली मान घालून मी मेथी निवडत राहिले, त्यात पानं किती आणि देठ किती गेले देव जाणे.

पुढे परीक्षा झाली, सईला बी मिळाली, घरात पेढे आले. पण मला तो मोसम संपतो तो त्याच शनिवारी. दाराला चावी लागली आणि सई आली. बोर्ड भिंतीला टेकवून तिने आजोबांना दिवाणावर बघितलं, कागद बघितला, माझं तोंड बघितलं, आणि काही न विचारता नेहमीसारखी उडी मारून भिंतीकडे जाऊन बसली, मांडी पसरून, अख्खा दिवाण अडवून. आप्पा अजून कडेलाच टेकलेले होते. त्यांनी तिच्या गुडघ्यावर हलकी चापट मारली.

‘सई, सरक जरा,’ ते म्हणाले. ‘मला नीट बसायचंय.’